मला तुमची भाषा येत नाही

भिंगरीचं बोलणं मला कळलं. झालं ते एवढंच. बुधवार होता, मधल्या सुट्टीच्या आधीचा तास, जुने नकाशे ठेवायची ती चिंचोळी खोली, आणि माझ्या हातात कुत्र्याला आंघोळ घालणाऱ्या माणसाचं चित्र असलेलं कार्ड. मी नेहमीसारखं, ताटात एकेक पदार्थ सुटा वाढावा तसं विचारलं, "व्हॉट... इज... ही... डूइंग?" भिंगरीने नेहमीसारखं कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्चीवर अर्धी इकडे अर्धी तिकडे फिरत, खिडकीकडे बघत ती तिच्या भाषेत, म्हणजे इथल्या भाषेत, सुसाट बोलत सुटली. हे ती दर वेळी करायची, आणि दर वेळी तिचं बोलणं माझ्या कानांवरून शेजारच्या घरातल्या मिक्सरसारखं जायचं. आवाज आहे, चालू आहे, बंद होईल. आज ते आत आलं. बेल न वाजवता, चपला न काढता, थेट घरात. "शुक्रवारी मी आईकडे जाणार. एकटी. बाबांना सांगणारच नाहीये." मी शब्द जुळवले नाहीत, मनातल्या मनात मराठी केलं नाही. आईने आतून "जेवायला चल" म्हटलं की कळतं तसं कळलं. आणि माझं तोंड, जे नेहमी माझ्याआधी कामाला लागतं, ते छान रुंद हसलं आणि म्हणालं, "व्हेरी गुड!"

वर मी मानही हलवली. आपली ती खास मान, जी धड वर-खाली जात नाही आणि धड आडवीही जात नाही, जिचा इथे प्रत्येक जण आपापल्या सोयीने अर्थ काढतो. भिंगरीने कुठला काढला कोण जाणे. ती समाधानाने उठली, मोजे वर ओढले आणि गेली. तिच्यामागून चष्मेवाला गोलू आत आला, त्याला मी तेच कार्ड दाखवलं, तो "डॉग, डॉग" म्हणाला, मी "येस, येस" म्हणाले, पण माझं लक्ष माझ्याच कानांकडे होतं. ते बंदच होईनात. दाराबाहेर रांगेत उभी मुलं बोलत होती आणि सगळं कळत होतं. कुणाच्या तरी डब्यात आज केळं नाही. कुणाचा तरी दात हलतोय. माझी वेणी म्हणे जहाजाचा दोर. हसावं की रागवावं? दोन्ही करायला बंदी. मला लहानपणी पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हा असंच झालं होतं. दुकानातून बाहेर पडल्यावर झाडाला पानं सुटी सुटी दिसली आणि मी रस्त्यात उड्या मारल्या, मग वळून आईकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांखाली बारीक रेघा. त्या आधी नव्हत्या. म्हणजे होत्या, पण माझ्या नव्हत्या. मी चष्मा काढून खिशात टाकला आणि घरी पोचेपर्यंत आईला धरून धुक्यातून चालले. पण कान कुठल्या खिशात टाकायचे?

हे सगळं समजायला माझी नोकरी समजायला हवी. नोकरी म्हणजे काय, मी शाळेतच आहे, सोळा वर्षांची, माझी स्वतःची परीक्षा डोक्यावर आहे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, इथल्या कंपनीने त्यांना बोलावलं, म्हणून आम्ही तिघं इथे आलो. मला वर्गात बसवलं आणि मी फर्निचर झाले. इतिहासाच्या तासाला मी वहीत फक्त तारीख लिहायचे, कारण तेवढंच फळ्यावरून कळायचं. घरी जिला सगळे "जरा श्वास घे गं" म्हणायचे, ती मी दिवसच्या दिवस तोंड उघडायची ते जांभई द्यायला. आणि मग इंग्रजीचा तास आला. बाईंनी प्रश्न विचारला आणि माझा हात वर गेला तो खाली येईना. व्याकरण, निबंध, उतारा, काय हवं ते घ्या! आमच्या इंग्रजीच्या बाई उंच, सडपातळ, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी तासानंतर मला थांबवलं. दर वर्षी शाळेत इंग्रजी बोलणारी एक असिस्टंट बाहेरच्या देशातून येते, ती खालच्या वर्गातल्या मुलांना एकेक करून दहा मिनिटं बोलायला लावते. या वर्षी कुणी मिळालं नाही. तू करशील? मी "येस" इतक्या जोरात म्हणाले की त्या एक पाऊल मागे सरकल्या.

गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड मिळालं. त्यावर माझं नाव आणि खाली "असिस्टंट". दोन दिवस मी ते घरात घालून फिरले, आई म्हणाली, "आंघोळीला तरी काढ." मावशीने व्हिडिओ कॉलवर सगळ्या सोसायटीला ओरडून सांगितलं, "आमची पोरगी परदेशात मास्तरीण झाली!" मी म्हटलं, "मावशी, असिस्टंट." ती म्हणाली, "तेच ते. शिकवतेस ना? झालं तर." आणि खरं सांगायचं तर माझी चाल बदलली. जिन्यावर मी रेलिंग धरायचं सोडलं. ते कार्ड छातीवर डुलत असायचं आणि छोटी मुलं दुरून "हॅलो! हॅलो!" करायची, आणि मी, जी वरच्या मजल्यावर खुर्ची होते, ती खालच्या मजल्यावर राणी असायचे. बाईंचा नियम एकच होता. पहिल्याच दिवशी, कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात देताना त्यांनी सांगितलं, "या खोलीत तुला आमची भाषा येत नाही. उद्या आली तरी येत नाही. मुलांना कळलं की तुला समजतं, की ती इंग्रजी बोलायचे कष्ट का घेतील?" मी म्हटलं, त्यात काय, मला खरंच येत नाही. मुलं यायची, तर मी हात पसरून, खांदे उडवून म्हणायचे, नो नो, आय डोन्ट अंडरस्टँड, आणि ती बिचारी खूप धडपडून "ही... वॉश... डॉग" असं काहीतरी काढायची. सगळी, भिंगरी सोडून. भिंगरीचं खरं नाव माझ्या जिभेला वळत नाही म्हणून मनात ती भिंगरी. अकरा वर्षांची, केस असे की झोपेतून उठून थेट शाळेत. तिने हा नियम पहिल्याच दिवशी उलटा करून घातला. हिला कळत नाही ना? मग हिला सांगायला काय हरकत आहे!

आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची एक टाकी होती, तळाला चीर गेली म्हणून रिकामी ठेवलेली. मी भिंगरीएवढी असताना तिचं झाकण सरकवून आत डोकं घालायचे आणि सांगायचे. वर्गातली कोण बोलत नाही, कुणाला काय म्हणाले, गणितात किती पडले. टाकी सगळं घ्यायची आणि मोठं करून परत द्यायची, त्यात माझा आवाज एखाद्या शहाण्या बाईसारखा वाटायचा. टाकी कुणाला सांगणार? बुधवारी संध्याकाळी शाळेतून घरी जाताना फुटपाथवर मी मधेच थांबले, मागचा माणूस माझ्यावर आपटला, सॉरी म्हणाला, तेही कळलं. मला दिसलं की इतके आठवडे मी टाकी होते. फळ्याएवढी खोली, भिंतीला गुंडाळून ठेवलेले नकाशे, आणि त्यात माझी "व्हेरी गुड, व्हेरी गुड" करणारी टाकी. ती काय काय बोलली असेल? मी मागचे बुधवार आठवून ऐकायचा प्रयत्न केला. आवाज होते, डोक्यात कुठेतरी पडून राहिले होते, हिरव्या कैऱ्यांसारखे, आणि आता एकेक पिकायला लागले. ती एक शब्द सारखा म्हणायची, वाक्याच्या शेवटी, जवळजवळ दर वाक्याच्या, मला वाटायचं आपण जसं "म्हणजे, म्हणजे" करतो तशी तिची सवय असेल. त्याचा अर्थ होता एकटी. एकटी जेवले. एकटी आले. दार उघडून आत गेले, एकटी. आणि प्रत्येक वाक्याला माझी पावती, दात दाखवून.

कुणाला सांगायचं? हा प्रश्न त्या फुटपाथवर सुरू झाला आणि माझ्याबरोबर लिफ्टने वर आला. बाईंना सांगितलं तर त्या विचारणार, तुला कसं कळलं. म्हणजे मला भाषा येते. म्हणजे मी नियम मोडला. म्हणजे कार्ड परत. मग उरली फक्त वरच्या मजल्यावरची खुर्ची, तारीख लिहिणारी. हे इतकं पटकन मनात आलं, भिंगरीच्या आधी माझं कार्ड आलं, याची मला इतकी लाज वाटली की लिफ्टच्या आरशात मी माझ्याकडे बघितलंच नाही. पण लाज वाटली म्हणून भीती गेली असं होत नाही, दोघी एकाच लिफ्टमध्ये मजेत मावतात. आणि कदाचित ती नुसतंच बोलत असेल. मुलं बोलतात. मीही टाकीत सांगितलं होतं की मी घर सोडून जाणार आणि सर्कशीत भरती होणार, गेले का?

गुरुवारी मी भिंगरीला तिचा नंबर नसताना बोलावलं. तिला आनंद झाला. ती खुर्चीवर बसली, फिरली, आणि मी कार्ड वर धरायच्या आधीच सुरू झाली. मी चेहरा रिकामा ठेवला. चेहरा रिकामा ठेवणं म्हणजे भरलेली बादली सांडू न देता जिन्याने नेण्यासारखं आहे, सगळं लक्ष त्या पाण्याकडे. ती सांगत होती की आईचं शहर लांब आहे, पण एकच बस बदलावी लागते. ती बाबांबरोबर एकदा गेलीय, तिला थांब्याचा रंग आठवतो. जेवणाच्या सुट्टीत मागचं फाटक उघडं असतं कारण डब्यांची गाडी येते. बाबा कामावरून अंधार पडल्यावर येतात, तोवर ती पोचलेली असेल. आई फोनवर म्हणते, ये ना, पण बाबा म्हणतात, ती तसं नुसतं म्हणते. "ती घरी नसली तर मी पायरीवर बसेन. ती येईलच ना कधीतरी." हे म्हणताना तिने पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. उत्तरासाठी नाही. टाकीत डोकं घातल्यावर आपण आत बघतो तसं. मला वाटलं, आत्ता बोलावं. जीभ उचलली, टाळूला टेकली, तिची भाषा तोंडात आली, गरम बटाट्यासारखी, आणि मी ती गिळली. "डझ युअर फादर नो?" मी इंग्रजीत विचारलं. भिंगरीने अगदी दयाळूपणे खांदे उडवले, मला समजावल्यासारखे. नो, नो, डोन्ट अंडरस्टँड.

त्याच दिवशी दुपारी मी कार्डांचा गठ्ठा कपाटात ठेवत असताना खेळाचे सर तिथे आले आणि बाईंशी बोलत उभे राहिले, माझ्यापासून हातभर अंतरावर, खुंटीशेजारी बोलावं तसं. बाई म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे. मुलांना आवडते. पण उच्चार ऐकलेस का? मुलं तिच्यासारखी गात गात बोलायला लागलीत. पुढच्या वर्षी खरी असिस्टंट मिळाली की बरं." सर हसले, वाईट नाही, नुसतेच. आणि बाई माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "थँक यू, डिअर, यू आर वंडरफुल." मी म्हणाले, "थँक यू." कपाटाचं दार लावलं. ते नीट लागत नाही, कोपऱ्यातून वर उचलून ढकलावं लागतं, ते मी केलं. कान तापून लाल झाले असणार. म्हणजे मी राणी नव्हते, खरी येईपर्यंतची होते. मला रडू येईल असं वाटलं होतं पण आलं हसू, कारण मला इतकी घाई झाली होती बाईंना सांगायची की तुमचं वाक्य मला पूर्ण कळलं, एकसुद्धा शब्द अडला नाही, बघा! एवढी मोठी बातमी, आणि ती सांगायला माणूस नाही.

घरी आई स्वयंपाकघरात भात निवत ठेवून कोशिंबिरीला काकडी चोचवत होती. "या मॅडम," ती म्हणाली, "आज काय शिकवलंत?"

"कुत्रा धुणे."

"अजून तोच कुत्रा? झिजला असेल गं एव्हाना."

मी ओट्याला टेकून काकडीचा तुकडा उचलला. "आई, समज एखाद्याला वाटतंय की तुला काही कळत नाही. आणि तुला कळलं. तर तू काय करशील?"

आईचा हात थांबला. "कुणाचं कळलं? माझं?"

"तुझं कशाला? उदाहरण गं."

"तुझी उदाहरणं मला माहीत आहेत. वर्गातल्या पोराने चिठ्ठी दिली का?"

"आई!"

"बरं बरं. उदाहरण." ती परत चोचवायला लागली. "मला विचारशील तर कळलं नाही असंच दाखवावं. माणसाला आपलं झाकलेलं दुसऱ्याने बघितलं की आवडत नाही. उगीच कशाला त्यात पडायचं, आपण इथे पाहुणे."

"आणि त्यात त्याला काही झालं तर?"

"म्हणजे काय होणार?" आता तिने सुरी खाली ठेवली आणि मला नीट बघितलं, आणि मी म्हणाले, "काही नाही, एक गोष्ट वाचतेय." आई म्हणाली, "परीक्षेचं वाच की जरा." पण जेवताना ती माझ्याकडे सारखी बघत होती, आणि मी भातात रेघा ओढत होते, आणि बाबा कुठल्या तरी अठरा मजली इमारतीतल्या लिफ्टबद्दल सांगत होते, जी कुणी बटण न दाबता आपोआप पाचव्यावर थांबते, दार उघडते, कुणी नसतं, दार बंद. "काही दोष नाही तिच्यात," बाबा म्हणाले. "सगळं तपासलं. तिला वाटतंय कुणीतरी बोलावतंय."

शुक्रवारी सकाळी मला खात्री होती की भिंगरी शाळेत आलेली नसेल, आजारी असेल, सगळं आपोआप मिटेल. ती आलेली होती. प्रार्थनेच्या रांगेत मी तिला शोधलं, केस विंचरलेले. चक्क भांग पाडून, दोन्ही बाजूंना क्लिपा. आईकडे जायचं म्हणून एकटीने आरशासमोर उभं राहून, कोपर वर करून पाडलेला, थोडा वाकडा भांग. पहिले दोन तास वरच्या मजल्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही, वहीत तारीखसुद्धा नाही. तिसऱ्याला मी परवानगी न मागताच उठले आणि जिन्यावरून धावत खाली गेले. बाई वर्गातून बाहेर पडत होत्या, हातात वह्या.

मी इंग्रजीत सांगितलं. नियमातच राहून, अगदी नीट, सुटं सुटं. ती मुलगी आज दुपारी तिच्या आईकडे जाणार आहे. बसने. एकटी. वडिलांना सांगितलेलं नाही. बाई थांबल्या. त्यांचा चेहरा उजळला. "हे तिने तुला सांगितलं? तिने?" मी म्हणाले, "येस." बाईंनी वह्या छातीशी धरल्या. "ती वर्षभर एक वाक्य बोललेली नाही माझ्याशी! आणि 'जाणार आहे' म्हणाली? भविष्यकाळ? कुठल्या कार्डावरून? त्या बॅग घेतलेल्या मुलीच्या?" मी म्हणाले, "नो, नो कार्ड, इट इज रिअल." बाई हसल्या, माझ्या खांद्यावर थोपटलं. "मुलं गोष्टी रचतात ना, तेच तर हवं आपल्याला. व्हेरी गुड! यू आर डूइंग अ वंडरफुल जॉब." आणि घंटा वाजली. जेवणाची. सगळ्या वर्गांची दारं एकदम उघडली आणि कॉरिडॉर मुलांनी भरून वाहायला लागला. त्या पुरात मला कुठेतरी दोन क्लिपा दिसल्या, मागच्या जिन्याकडे जाताना. बाई वळल्या होत्या. मी त्यांची बाही धरली. धरू नये हे मला माहीत होतं. आणि मी बोलले, इथली भाषा, पहिल्यांदा, मोठ्याने, सगळ्यांसमोर. काळ नाही, प्रत्यय नाही, लिंग-वचनाचा पत्ता नाही, टाकीत दगड टाकावेत तसे एकेक शब्द. "ती लहान मुलगी. आज जातो. मागचं फाटक. बस. आई दूर शहर. ती आई घर नाही तर पायरी बसतो. खरं. बाई, खरं. मी ऐकते. मी कळते. मी सगळं कळते."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकामागून एक आल्या, मी दोन्ही बघितल्या. आधी भिंगरी. मग मागचे सगळे दिवस, माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून बोललेली प्रत्येक ओळ. त्यांनी वह्या तिथेच जमिनीवर ठेवल्या आणि त्या धावल्या. मला वाटलं नव्हतं त्या इतक्या जोरात धावू शकतात, साखळीतला चष्मा पाठीवर आपटत होता. डब्यांची गाडी, उघडं फाटक, रस्ता, आणि पलीकडे बसचा थांबा. भिंगरी तिथे होती. बाकावर नाही, बाकाशेजारी उभी, दप्तर पुढच्या बाजूला, मोठी माणसं गर्दीत धरतात तसं पोटाशी धरून. बस येत होती, कोपऱ्यावरून वळताना दिसत होती. तिने आधी बाईंना बघितलं आणि पळायची तयारी केली. मग बाईंच्या मागे मला बघितलं, आणि पळाली नाही. तिने माझा चेहरा वाचला. तो आता रिकामा नव्हता, मी धावत आले होते, माझं तोंड तिच्याच भाषेत "थांब, थांब" म्हणत होतं. बस आली, दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार बंद झालं, गेली.

तिचे बाबा कामाच्या कपड्यांतच आले, बुटांना सिमेंट लागलेलं. ऑफिसबाहेरच्या बाकावर भिंगरी बसली होती आणि दुसऱ्या टोकाला मी, मला कुणी जा म्हटलं नव्हतं. दार अर्धवट उघडं होतं. बाबा बाईंना सांगत होते की तिकडे नोकरी मिळाली म्हणून हिची आई गेली, परत यायचं की नाही ते तिचंच ठरत नाहीये, पोरीला काय सांगू, मला माहीत असतं तर सांगितलं असतं. त्यांचा आवाज मधेच फुटला. बाई म्हणाल्या, "हळू. बाहेर ती असिस्टंट मुलगी बसलीय. तिला कळतं." आणि त्या "तिला कळतं"ने मला इतकं उघडं वाटलं, जणू मीच चोरी केलीय आणि चोरलेलं सगळं माझ्या मांडीवर ठेवलंय. भिंगरीने क्लिपा काढून खिशात ठेवल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. जाताना तिचे बाबा माझ्यापुढे थांबले, काही म्हणायला तोंड उघडलं, मला कुठल्या भाषेत म्हणावं ते त्यांना कळेना, आणि त्यांनी नुसतं डोकं हलवलं.

बाई सोमवारी म्हणाल्या, तू केलंस ते बरोबर केलंस. त्या हे त्यांच्या भाषेत म्हणाल्या, इंग्रजीत नाही, आणि माझ्याकडे न बघता. मग म्हणाल्या, सत्र संपेपर्यंत चालू ठेव, नंतर बघू. कार्ड अजून माझ्या गळ्यात आहे पण आता मी आले की कॉरिडॉर गप्प होतो. रांगेत कुजबुज होते, "हिला कळतं, हिला कळतं," आणि तेही कळतं. माझी वेणी आता कुणी दोर म्हणत नाही. गोलू माझ्याशी सरळ त्याच्या भाषेत बोलतो आणि मी उत्तर दिलं नाही की चिडतो, "येतं ना तुला!" आई-बाबांना मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, शाब्बास. आई म्हणाली, शाब्बास, आणि मग जरा थांबून, "म्हणजे तुला इथलं सगळं समजतं आता?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बरं झालं," पण तिचा आवाज असा होता की जणू मी तिच्या आधी गाडीत चढले आणि ती फलाटावर राहिली.

बुधवारी भिंगरी आली. मला वाटलं होतं येणार नाही. ती खुर्चीवर ताठ बसली, दोन्ही पाय जमिनीला, फिरली नाही. मी कार्ड उचललं. "ही इज वॉशिंग द डॉग," ती म्हणाली, मी विचारायच्या आत. अख्खं वाक्य, एकही चूक नाही. दुसरं कार्ड. "शी इज कुकिंग." तिसरं. "दे आर गोइंग होम." येत होतं तिला सगळं, वर्षभर येत होतं! एकेक उत्तर ती समोर ठेवत होती, बँकेतल्या खिडकीतून ठेवतात तसं, आणि खिडकी बंद. कार्डं संपली. दहा मिनिटांतली बरीच शिल्लक होती. ती खिडकीकडेही बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती, लाकडावरच्या एका ओरखड्याकडे. मला तिला विचारायचं होतं, बाबा तुला घेऊन गेले का, आई भेटली का, पायरी कशी होती. माझ्याजवळ त्यासाठी शब्दही होते. पण आता माझ्या तोंडून तिच्या भाषेतला एक शब्द निघाला असता तर तो परत फाटकातून धावत येणाऱ्या मोठ्या माणसाचाच असता.

म्हणून मी मराठीत बोलायला लागले. ठरवून नाही. म्हणजे मी काहीच ठरवलेलं नव्हतं, श्वास घेतला आणि सुटले. माझ्या वेगात, घरी जिला श्वास घे म्हणतात त्या माझ्या वेगात. म्हटलं, भिंगरे, ऐक, मी तुला भिंगरी म्हणते, तुला माहीत नाही. माझी आई रोज संध्याकाळी मी घरी आले की मला काहीतरी चिडवते, खायला देते, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडते. बादली नसते खाली. मी ऐकते, पाणी नुसतंच फरशीवर पडतं. बराच वेळ. मग ती बाहेर येते आणि म्हणते, या नळाला काय जोर आहे गं इथे. मी म्हणते, हो ना. मला कळतं, भिंगरे. आल्यापासून कळतंय, त्याला कुठलीच भाषा लागत नाही. आणि मी सोफ्यावर बसून मोठ्याने इंग्रजी वाचते, तिला वाटावं म्हणून की मला ऐकू जात नाहीये. बाबांना मी सांगितलं नाही. मावशीला नाही. मला वाटतं मी विचारलं तर ती म्हणेल, चल, परत जाऊ, आणि मला परत जायचं नाहीये, मला हे सगळं फार आवडतं, हे जिने, हे गळ्यातलं कार्ड, म्हणून मी विचारत नाही. म्हणून मी वाचत बसते. ऐकतेयस ना?

मी थांबले. भिंगरीने वर बघितलं होतं, कधी ते मला कळलं नव्हतं. ती हसली नाही, मान हलवली नाही. तिला एक अक्षर समजलं नसणार. घंटा वाजली, बाहेर रांग हलली, कुणीतरी दार ढकलून परत लावलं. ती उठली नाही. खुर्ची जरा पुढे ओढली, कोपरं टेबलावर टेकली आणि तिच्या भाषेत एकच शब्द म्हणाली.

"पुढे?"

पुढे काय ते मला तरी कुठे माहीत होतं. पण मी सांगायला लागले.